मोकळी जागा : एका शब्दाची चिकित्सा

दलित समीक्षेने आजवर कविता वाचल्या, कथा वाचल्या, आत्मकथने वाचली. प्रस्थापित समीक्षेची सौंदर्यकल्पना तिने तपासली आणि त्या कल्पनेखाली दडलेली जात उघडी केली. पण आपल्या वस्तीचे भवितव्य ज्या कागदावर लिहिले जाते, तो कागद मात्र तलाठ्याने वाचावा, वकिलाने वाचावा, नगररचनाकाराने वाचावा, आपले ते काम नाही, अशी आपली समजूत आहे. विकास आराखडा हा साहित्यप्रकार नाही, हे मान्य. तरीही त्यात शब्द असतात, रंग असतात, कोणाच्या तरी नजरेने पाहिलेला गाव असतो. त्यात काही माणसे दिसतात आणि काही दिसत नाहीत. मग त्याची समीक्षा का करू नये?

हे सुचण्याचे निमित्त जामसंड्याचे आहे. हा काही तळ्यासाठी प्रसिद्ध असलेला गाव नव्हे. कातळाचा सडा, कलमांच्या बागा, त्यांना घातलेले चिऱ्याचे गडगे, खाली खाडी आणि पलीकडे देवगडचे बंदर. पावसात कातळावरच्या खळग्यांत पाणी साचते, उन्हाळ्यात तेच पाणी शोधत फिरावे लागते. पण देवगड आणि जामसंडे यांची मिळून आता नगरपंचायत आहे, आणि नगरपंचायत आली की विकास आराखड्याचा ग्रंथ आज ना उद्या गावात येतोच. तेव्हा त्याची भाषा आधीच समजून घ्यावी म्हणून काही विद्यार्थी आणि दोन-तीन शिक्षक परवा एका घरी बसलो होतो. उदाहरण घेतले ते तळ्याचे, कारण ते कोणालाही चटकन कळते. तळ्याकाठी राहती वस्ती आहे. आज ती निवासी विभागात मोडते. नव्या आराखड्यात तिचा विभाग बदलायचा आणि कालांतराने तिथे मोकळी जागा करायची, असा प्रस्ताव आहे. वरवर पाहता यात वाईट काय? तळे सर्वांचे, काठ सर्वांचा, मुलांना खेळायला जागा, म्हाताऱ्यांना बसायला बाक. आमच्यातल्या एका शिक्षकमित्राने या प्रस्तावाचे मनापासून स्वागत केले.

ओटीवर भाजी निवडत बसलेल्या घरच्या आत्येने तेवढ्यात विचारले, ‘‘मोकळी करतले म्हणजे आमका काढतले, असाच मां?’’

त्या दिवशीची खरी समीक्षा तिने केली. पुढे जे लिहीत आहे ते तिच्या प्रश्नाचे भाष्य आहे.

‘मोकळा’ या आपल्या शब्दाला दोन तोंडे आहेत. वाट मोकळी झाली म्हणजे जाणाऱ्याला जायला मिळाले. घर मोकळे झाले म्हणजे राहणारा निघून गेला. पहिल्या अर्थात माणूस आत येतो, दुसऱ्यात तो बाहेर जातो. आराखड्यात हा शब्द छापला जातो तेव्हा यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा हे कोठेही सांगितलेले नसते. शहरातला मध्यमवर्गीय वाचक पहिला अर्थ घेतो आणि संतुष्ट होतो. ज्याचे घर त्या हिरव्या रंगाखाली येते त्याला दुसरा अर्थ कळतो, आणि तो बहुधा उशिरा कळतो.

महाराष्ट्रात हे सारे ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याखाली चालते. आराखड्यात काय काय असावे हे त्याच्या कलम २२ मध्ये सांगितले आहे. तिथल्या एका उपकलमात मोकळ्या जागा, क्रीडांगणे, प्राणिसंग्रहालये, हरित पट्टे, अभयारण्ये आणि दुग्धशाळा अशी सारी मंडळी एका ओळीत बसवलेली आहेत. वाघाला आणि म्हशीला कायद्याने जागा दिली, याचे आम्हाला दुःख नाही. पण आज त्या जागेवर जो माणूस राहत आहे, त्याच्यासाठी त्या ओळीत एकही शब्द नाही.

या भाषेचे व्याकरणही पाहावे. ‘दर्शविण्यात येत आहे’, ‘वगळण्यात येत आहे’, ‘समाविष्ट करण्यात येत आहे’. क्रियापद आहे, कर्म आहे, कर्ता मात्र बेपत्ता. कोण दर्शवितो? कोण वगळतो? गावकुसाबाहेर आपली वस्ती कोणी ठेवली, असे विचारले की जुन्या गावातही असेच उत्तर मिळे : पूर्वीपासून आहे. कर्ता गाळण्याची ही युक्ती नवी नाही. पूर्वी ती रूढीच्या भाषेत होती, आता ती परिपत्रकाच्या भाषेत आली आहे, इतकेच.

आणि मग येतो ‘आरक्षण’ हा शब्द. नगररचनेतही आरक्षणच म्हणतात. बागेचे आरक्षण, मैदानाचे आरक्षण, मोकळ्या जागेचे आरक्षण. आमच्या मुलाला वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मिळाली की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना या आरक्षणाचे काही वाटत नाही. एकात जागा माणसासाठी राखली जाते, दुसऱ्यात जागा माणसापासून राखली जाते. आणखी एक गंमत पाहा. ‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होते’ हे वाक्य आपण हजारदा ऐकले. ती दहा वर्षांची मुदत घटनेच्या कलम ३३४ मध्ये फक्त लोकसभेतल्या आणि विधानसभेतल्या राखीव जागांना होती, शिक्षणाला आणि नोकरीला नव्हती, हे सांगून आपल्या वक्त्यांचे घसे बसले. खरी दहा वर्षांची मुदत आहे ती जमिनीवरच्या आरक्षणाला. १९६६ च्या कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला किंवा त्या जमिनीत हितसंबंध असणाऱ्याला नोटीस देता येते. त्या नोटिशीनंतर २४ महिन्यांत काही पाऊल उचलले गेले नाही तर आरक्षण रद्द होते. दहा वर्षे संपली हो, असे कोणी ओरडत नाही. मालक गुपचूप वकील करतो, नोटीस देतो आणि जमीन सोडवून घेतो.

पण हे कोणाला जमते? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. तळ्याकाठी जो तीन पिढ्या राहिला, पण ज्याच्या घराखालची जमीन सरकारची, देवस्थानची किंवा पूर्वीच्या खोताची राहिली, त्याने कोणत्या कागदावर हितसंबंध दाखवायचा? कोकणात खोती कायद्याने संपली ती १९४९ साली. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ मध्येच मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले होते. खोती गेली, पण घर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, हा तिचा वारसा पुष्कळ वाड्यांतून मागे राहिला. म्हणून एकाच आराखड्यातला एकच हिरवा पट्टा दोन शेजाऱ्यांच्या अंगावर दोन तऱ्हेने पडतो. गडग्याच्या आतला मालक दहा वर्षे थांबतो आणि सुटतो. गडग्याबाहेरचा माणूस तेवढीच वर्षे थांबतो आणि अतिक्रमणदार ठरतो.

‘कालांतराने’ या शब्दाचा अर्थ इथे नीट कळतो. घर लगेच पाडत नाहीत, मग बिघडले कुठे, असे विचारणारे भेटतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस मिळतात. ते गेले, मंजुरी झाली, की त्या जागेवर आराखड्याशी विसंगत असे काहीही करायला परवानगी मिळणे कठीण होते. मुलाचे लग्न झाले, एक खोली वाढवायची आहे, परवानगी नाही. कर्ज काढून कौलांच्या जागी स्लॅब घालायचा आहे, तर बँक कागद मागते. वस्तीत नळ आणि गटार नव्याने आणायचे तर उद्या उठणाऱ्या वस्तीवर खर्च कशाला, हा सवाल तयारच असतो. वस्ती पाडावी लागत नाही, ती हळूहळू पडते. मग तिची छायाचित्रे काढली जातात, ती किती बकाल आहे हे दाखवले जाते आणि शेवटी ती हलवणे हीच मानवता ठरते.

इथवर वाचून कोणी म्हणेल की दलितांचा मोकळ्या जागेला विरोध आहे. या गैरसमजाचे उत्तर महाडला आहे, आणि तिथे जरा जास्त वेळ थांबले पाहिजे.

चवदार तळ्याचा इतिहास आपण समतेचा इतिहास म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण तो तळ्याकाठच्या घरांचाही इतिहास आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी त्या दाव्याचा अंतिम निकाल दिला. न्या. ब्रूमफील्ड यांच्या त्या निकालपत्रात तळ्याचे वर्णन आहे. तळे चार ते पाच एकरांचे. भोवती नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची व थोड्या मुसलमानांची घरे. लगत अस्पृश्यांचे एकही घर नाही. काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, पायऱ्या आणि बांधीव भिंती यांची मालकी पुष्कळ ठिकाणी त्या घरमालकांकडेच.

या वर्णनाकडे नगररचनाकाराच्या डोळ्यांनी पाहा. पाणी सार्वजनिक, काठ खाजगी, आणि ज्यांना पाणी नाकारायचे त्यांची वस्ती दृष्टीआड. रायबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे मोकळे झाले. तीन वर्षे ते कागदावरच मोकळे होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब काही हजार माणसे घेऊन तिथे गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा ते जमिनीवर मोकळे झाले. त्या दिवशी डोकी फुटली. मग सवर्णांनी शेणामुताच्या घागरी ओतून तळे शुद्ध करून घेतले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची रूढी पुरातन आहे, असा दावा काठावरच्यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात लावला. तो निकालात निघायला दहा वर्षे गेली. तळे नगरपालिकेचेच आहे आणि रूढी अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे उच्च न्यायालयाने ठरवले.

हा दावा नुसता पाण्याचा नव्हता. काठावर कोणाची घरे आहेत, यावरून पाण्यावर कोणाचा हक्क हे ठरवण्याचा तो प्रयत्न होता. आधी आम्हाला काठापासून दूर वसवायचे आणि मग ‘तुम्ही इथे कधी येत होता?’ असे विचारायचे! म्हणून तळ्याचा काठ सर्वांना खुला असावा, खाजगी पायऱ्या आणि खाजगी भिंती तिथून निघाव्यात, ही मागणी नगररचनेच्या पुस्तकातून आलेली नाही. ती महाडच्या रस्त्यावर, फुटलेल्या डोक्यांनिशी आधी केली गेली. मोकळ्या काठाचा विचार कोणी आम्हाला शिकवायला नको.

महाडची आणखी एक गोष्ट सांगायची आहे. त्याच वर्षी २५ आणि २६ डिसेंबरला दुसरी परिषद भरायची होती. मंडपाला जागा हवी होती. महाडला जमिनीचा तुटवडा नव्हता. पण एकाही हिंदू मालकाने जागा दिली नाही. शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली, म्हणून परिषद झाली आणि मनुस्मृतीचे दहन झाले. गावात मोकळी जागा असणे वेगळे आणि ती आपल्याला मिळणे वेगळे, याचा याहून स्वच्छ दाखला कोणता असेल? आराखड्यातला हिरवा रंग जागा किती आहे हे सांगतो. त्या जागेवर २० मार्चला, १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला मंडप घालायला परवानगी मिळेल का, रात्री फाटक बंद होईल का, आत जायला तिकीट लागेल का, हे तो सांगत नाही.

नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होते. पर्यटन प्रकल्पासाठी तो परिसर दिला गेला आणि २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, ते भवन जमीनदोस्त झाले. पुढे महिलांनी तिथे दीर्घकाळ धरणे धरले. तिथे कोणाचे राहते घर नव्हते, तेव्हा उदाहरण तंतोतंत नाही. पण तळ्याकाठी काय टिकते आणि कोणासाठी जागा केली जाते, हे त्यातून दिसतेच.

राहत्या घरांचे उदाहरण मुंबईतले आहे, आणि जामसंड्याच्या घराघरांतून कोणी ना कोणी मुंबईला असल्यामुळे ते इथे कोणाला परके वाटणार नाही. मुंबईला १८९२ पासून तानसा तलावाचे पाणी मिळते. त्याच्या जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना कष्टकऱ्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. वाहिनीच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंना १० मीटर जागा मोकळी करावी, असा उच्च न्यायालयाचा आदेश झाला. घरे तुटली आणि २०१७ च्या सुमारास हजारो माणसे माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन टाकली गेली. तिथल्या हवेतल्या प्रदूषणाची दखल हरित न्यायाधिकरणाने त्याआधीच, २०१५ मध्ये, घेतली होती. लोक आजारी पडले, रस्त्यावर बसले, लढले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने, माहुलला राहू न शकणाऱ्या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. दरम्यान मोकळ्या केलेल्या त्या जागेवर महापालिकेने काय आखले? ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग. सायकलीशी आमचे वैर नाही. आमची मुले सायकलवरूनच शाळेत गेली. पण सुरक्षिततेसाठी ज्या पट्ट्यात माणसाने राहायचे नाही, त्या पट्ट्यात माणसाने व्यायाम मात्र करायचा, हा न्याय कोणाच्या सोयीचा आहे ते सांगायला लागू नये.

आपल्या पिढीने निग्रो साहित्याशी नाते जोडले, पँथर हे नाव घेतले. त्या नात्यातला एक धडा मात्र आपण वाचला नाही. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क म्हणजे जगभरच्या नगररचनाकारांचा आदर्श. १८५७ साली त्या उद्यानासाठी जी जमीन रिकामी केली गेली, तिच्यावर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून काळ्या लोकांनी तिथे जमिनी विकत घेऊन घरे बांधली होती. १८५५ च्या सुमारास वस्तीत सव्वादोनशे माणसे होती, काही आयरिशही होते. तीन चर्च होती, शाळा होती. शेजारीच शहराच्या पाण्याचा मोठा जलाशय होता, १८४२ चा. न्यूयॉर्क राज्यात काळ्या पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची स्थावर मालमत्ता असावी लागे, गोऱ्याला अशी अट नव्हती. म्हणजे ती घरे नुसती घरे नव्हती, तो मताचा अधिकार होता. वर्तमानपत्रांनी मात्र त्या मालकांना उपरे आणि घुसखोर ठरवले. पैसे देऊन, कायद्याने, वस्ती उठवली गेली. बाग झाली. पुढे शंभराहून अधिक वर्षे त्या बागेत फिरणाऱ्याला पायाखाली कोणाची चूल होती, याचा पत्ताही नव्हता.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिले पाहिजे. दलित आत्मकथनांनी वस्तीचे जे चित्र मराठी वाचकासमोर ठेवले, ते नरकाचे होते. घाण, चिखल, डुकरे, दारू, अंधार. ते खोटे नव्हते. ते सांगणे हा नकाराचा आणि विद्रोहाचा भाग होता. पण त्या चित्रातून सवर्ण वाचकाने घेतले काय? त्याने वेदना घेतली नाही, वर्णन घेतले. त्याच वर्णनाच्या आधाराने उद्या अधिकारी म्हणेल, तुमच्याच लेखकांनी या जागेला नरक म्हटले आहे, मग ती मोकळी करतो तर ओरडता कशाला? याला आपल्या समीक्षेकडे उत्तर हवे. वस्तीतल्या घाणीचे वर्णन वाचताना नळ कोठवर येऊन थांबला होता, ती वस्ती त्या ओढ्याच्या काठाला कोणी लोटली होती, हे प्रश्न आपण लेखकाला फार कमी विचारले. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’चे (२००३) नावच आईच्या हातातल्या बांबूकामावरून आले आहे. रत्नागिरीकडच्या त्या घरात राहणे आणि राबणे वेगळे नव्हते. आराखडा मात्र ‘निवासी’ आणि ‘औद्योगिक’ असे दोन रंग लावतो. अंगणात बुरडकाम करणारी बाई कोणत्या रंगात बसते? तिला पाच मैलांवरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली दिली, म्हणजे तिचे पुनर्वसन झाले का?

दुसऱ्या बाजूने, वस्तीचा उमाळाही नको. जुन्या जागेला कवटाळून बसा, असे आपल्या चळवळीने कधीच सांगितले नाही. जुलै १९४२ च्या नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत, अस्पृश्यांच्या वेगळ्या गावांची मागणी बाबासाहेबांच्या उपस्थितीत ठरावाने केली गेली. गाव म्हणजे काय याविषयी त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत जे सुनावले ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा जागा सोडणे हे आम्हाला पाप नाही. पण त्या ठरावात सोडणारे आम्ही होतो, मागितलेली जमीन नवी होती आणि ती आमच्या मालकीची व्हायची होती. उठून जाणे आणि उठवले जाणे यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने पुनर्वसनावर बोलू नये.

पुराचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे आमच्या तरुण कार्यकर्त्यांना सांगणे भाग आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावरून निघणाऱ्या मिठी नदीने काठच्या झोपड्या धुऊन नेल्या. जुलै २०२१ मध्ये महाड बुडाले आणि त्याच तालुक्यातले तळीये दरडीखाली गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरीच्या सांडव्याने नागपुरात घरे बुडवली. पाण्याला जागा लागते. जिथे खरोखर पाणी चढते तिथून माणसे वर नेलीच पाहिजेत, आणि ती लवकर नेली पाहिजेत, ‘कालांतराने’ नव्हे. माणसाच्या जिवासाठी जागा रिकामी करायची असेल, तर दहा वर्षे थांबून चालते कसे? थांबून चालत असेल, तर कारण जिवाचे नाही.

पुररेषा सर्वांना सारखी लागते का, हेही पाहावे. समुद्र आणि खाडीच्या काठांसाठी १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली. ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास विभाग ठरला. तळ्यांना ती लागू नाही, पण जामसंड्याच्या खाडीकाठाला भरतीच्या पाण्याचे नियम लागतात. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात ते २०० मीटर ५० वर आणले आणि ना-विकास विभागात तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाट करून दिली. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर आहे. म्हणजे रेषा वाकते. कोणासाठी वाकते आणि कोणासमोर ताठ उभी राहते, हे पाहणे एवढेच समीक्षकाचे काम.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात, पंजाबातल्या एका गावतळ्याच्या जागेवर घरे बांधणाऱ्यांना हटवण्याचा निर्णय दिला आणि देशभरच्या गावतळ्यांवरची, गायरानांवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्या निकालाचा आधार घेऊन आपल्याकडेही नोटिसा निघतात. पण निकालाची उरलेली ओळ नोटिशीत येत नाही. शासनाच्या एखाद्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जागा दिलेली असेल, किंवा तिथे आधीच शाळा, दवाखाना असेल, तर अपवाद म्हणून जागा नियमित करता येईल, असे त्याच निकालात म्हटले आहे. महाराष्ट्रातही अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा १९९१ चा शासन निर्णय आहे. त्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची पुण्याई आहे. हे कागद प्रत्येक वाडीत एका पिशवीत एकत्र असायला हवेत.

त्या दिवशी जामसंड्यात आम्ही शेवटी सरावासाठी एक हरकत लिहून पाहिली. ‘मोकळ्या जागेस आमचा विरोध आहे’ हे पहिले वाक्य मुलांनी लिहिले आणि बऱ्याच वादानंतर खोडले. त्याऐवजी लिहिले की तळ्याचा काठ सर्वांना खुला करण्यास आमची संमती आहे, मात्र सुरुवात काठावरच्या खाजगी भिंती, फाटके आणि बागांच्या गडग्यांपासून व्हावी. राहत्या घरांचा पट्टा निवासीच ठेवावा. पुराचे कारण असेल तर पुराची पातळी घरानिहाय जाहीर करावी आणि तिच्या वरच्या घरांना हात लावू नये. जे घर हलवायचे त्याच्या मालकीची जागा त्याच गावात, त्याच पाण्याच्या हाकेच्या अंतरावर, आधी द्यावी आणि मग जुने घर घ्यावे. खुल्या होणाऱ्या जागेत सभा भरवण्याचा, जयंती साजरी करण्याचा सर्वांचा हक्क आराखड्याच्या नियमांतच लिहावा.

आत्येला ते वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘त्यात पायवाट खय आसा?’’ वाडीतून पाण्यावर जाणारी पायवाट आमच्या हरकतीत राहून गेली होती. ती सातवा मुद्दा म्हणून घातली.